पडायचं कसं, ते आधी शिका

विमानातून उडी मारायला शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कुठून उडी मारायला लावत असतील? जेमतेम कमरेएवढ्या चौथऱ्यावरून. पाय जुळवून उडी मारायची, कुशीवर लोळण घ्यायची, कपडे झटकायचे आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. तेरा हजार फुटांची स्वप्नं घेऊन आलेल्या तरुणाला हा प्रकार बालवाडीतला वाटतो. पण जुने उडीबाज या चौथऱ्याला फार मानतात.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘छत्री उघडलीच नाही तर?’ स्कायडायव्हिंगच्या मैदानावर मात्र गप्पा वेगळ्याच चालतात. आज कोणाचा ‘फ्लेअर’ उशिरा झाला, कोण वाऱ्याच्या दिशेनं उतरला, कोण इतक्यात लहान छत्री घ्यायला निघालाय, त्याला कोणी समजवा रे! तेरा हजार फुटांवरून उडी मारल्यावर जवळपास मिनिटभर माणूस ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगानं खाली येत असतो. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो याच मिनिटाला. पण या खेळातले कितीतरी गंभीर अपघात व्यवस्थित उघडलेल्या, एकही दोरी न तुटलेल्या छत्रीखाली होतात. तेही जमीन अगदी हाताशी आल्यावर.

पाच सेंटिमीटर की एक मीटर?

आधी सैन्यातल्या जुन्या गोल छत्रीचा हिशेब करू. तिच्याखाली लोंबकळणारा जवान सेकंदाला पाच-सहा मीटर वेगानं जमिनीवर येतो. सहा मीटरचा वेग म्हणजे सुमारे १.८ मीटर उंचीवरून मारलेली उडी. दहीहंडीत दुसऱ्या थरावरच्या गोविंदानं तिथून थेट रस्त्यावर उडी घ्यावी, त्याहून थोडी जास्तच. आकडा भयंकर नाही, पण त्यात घोटा मोडायला पुरेसा दम आहे.

मोडणार की वाचणार, हे ठरतं थांबायला किती अंतर मिळालं यावर. गुडघे ताठ ठेवून टाचांवर उतरलात, तर शरीर जेमतेम पाच सेंटिमीटरांत थांबतं. तेवढ्या अंतरात सेकंदाला सहा मीटरचा वेग शून्यावर आणायचा, तर गुरुत्वाकर्षणाच्या सदतीसपट धक्का बसतो. सत्तर किलोच्या माणसाच्या पायांवर क्षणभर अडीच टनांहून जास्त भार! तोच वेग एक मीटर अंतरात हळूहळू जिरवला, तर धक्का जेमतेम दुप्पट उरतो. माणूस तोच, जमीन तीच, वेगही तोच.

चौथऱ्यावरची लोळण शिकवते ती हेच. दोन्ही पाय आणि गुडघे घट्ट जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले. आधी चवडे टेकतात, मग पोटरीची बाजू, मांडीची बाजू, कुल्ला आणि शेवटी पाठीची कड. हात छातीशी, हनुवटी आत. या पाच जागांनी धक्का वाटून घेतला की कोणा एकट्यावर मोडायची वेळ येत नाही. पाय जुळवण्याचा आग्रह एवढ्यासाठी, की फाकलेल्या पायांपैकी एक नेहमी आधी टेकतो आणि सगळा भार त्या बिचाऱ्यावर येतो.

आग्र्याच्या हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये हीच लोळण अंगात मुरेपर्यंत घोटून घेतात. छातीवर पंखांचं चिन्ह लावायला पाच उड्या लागतात. २०१५ मध्ये महेंद्रसिंग धोनीनंही तिथं प्रशिक्षण घेऊन त्या पूर्ण केल्या. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातल्या टांगाइलजवळ उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण. ते जवान गोल छत्र्यांखालीच उतरले होते. गोल छत्रीला फारसं वळवता येत नाही. ती नेईल तिथं जायचं आणि नीट पडायचं.

थांबायच्या अंतराचा टोकाचा दाखला अमेरिकेच्या ल्यूक एकिन्सनं दिला. ३० जुलै २०१६ रोजी त्यानं पंचवीस हजार फुटांवरून पॅराशूटशिवाय उडी मारली आणि कॅलिफोर्नियात ताणून बांधलेल्या शंभर फूट लांबी-रुंदीच्या जाळ्यात तो पाठीवर पडला. जाळं खाली खचत गेलं, थांबायला अंतर मिळालं आणि तो उठून चालू लागला. हे अर्थातच कोणी करून पाहायचं नाही.

डोक्यावर पंख

हौशी उडीबाज आज जी छत्री वापरतात, तिला छत्री म्हणणं ही आपली जुनी सवय. खरं तर तो कापडी पंख आहे. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत पतंग, फुगे करण्यात रमलेले डॉमिना जाल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात त्याची कल्पना मांडली आणि १९६६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. नायलॉनचे दोन थर, मध्ये उभ्या पडद्यांनी केलेले सात किंवा नऊ कप्पे, पुढून उघडे, मागून शिवलेले. मोटारीच्या खिडकीबाहेर धरलेली पिशवी फुगते, तशी पुढून घुसलेली हवा हे कप्पे टणक करते आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. कामशेतच्या टेकड्यांवरून तरंगणारे पॅराग्लायडर याच कुळातले.

हा पंख नुसता खाली येत नाही, पुढेही पळतो. शिकाऊ माणसाचा मोठा पंखसुद्धा ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगानं पुढं जातो आणि सेकंदाला चारेक मीटर खाली येतो. एवढ्या वेगात असूनही सराईत माणूस बसमधून उतरावं तसा दोन पावलं चालत थांबतो. ही किमया ‘फ्लेअर’ची.

कठड्यावर बसणारा कावळा पाहा. अगदी शेवटच्या क्षणी तो अंग मागं झुकवतो, पंख उभे करतो आणि अलगद टेकतो. उडीबाजाच्या दोन्ही हातांत पंखाच्या मागच्या कडेला बांधलेल्या दोऱ्यांच्या मुठी असतात. त्यांना ‘टॉगल’ म्हणतात. जमिनीपासून तीन-चार मीटरवर दोन्ही मुठी एकदम, सारख्या, खाली ओढायच्या. पंखाची मागची कड खाली वळते, पंख मंदावतो. पण खाली लोंबणारा माणूस जडत्वानं झोक्यासारखा पुढं जातो. त्यामुळं पंखाचं नाक वर होतं आणि क्षणभर उचल माणसाच्या वजनाहून जास्त होते. पुढच्या वेगातली ऊर्जा खर्च करून खाली जाण्याचा वेग जवळपास शून्यावर आणण्याचा हा व्यवहार आहे.

ही शिल्लक एकदाच वापरता येते. दहा मीटरवर घाईनं ओढलंत, तर हवेतच वेग संपतो, पंखाची उचल मोडते आणि उरलेलं अंतर दगडासारखं कापावं लागतं. घाई झाली हे कळलं की नवशिक्या घाबरून हात वर सोडतो. ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते, कारण मोकळा सुटलेला पंख नाक खाली घालून सूर मारतो. शिकवण अशी : जिथं आहेत तिथं हात धरून ठेव, जमीन जवळ आली की उरलेलं ओढ, पाय जुळव आणि लोळण घे. इथं पुन्हा तो चौथरा कामी येतो.

हाताची खोड

दुसरी चूक आपल्या शरीरात जन्मापासून आहे. तोल गेला की आपण पडायच्या बाजूला हात पुढं करतो. घसरलेलं मूलही तेच करतं. पण उडीबाजाच्या त्या हातात टॉगल असते. उजवीकडं जातोय असं वाटून त्यानं उजवा हात खाली नेला की पंखाची उजवी बाजू ओढली जाते आणि पंख आणखी उजवीकडं वळतो. मग भीती वाढते, हात आणखी खाली जातो. जमिनीचा आधार शोधणारा हातच माणसाला जमिनीवर आदळतो.

म्हणून शिकवताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. हात शरीरासमोर, जोडीनं. नजर समोर, दूरवर. थेट पायाखाली पाहिलं की जमीन अंगावर धावून येते आणि माणूस घाईनं ओढतो. दूर पाहिलं की उंचीचा अंदाज नीट बांधता येतो. सुरुवातीच्या उड्यांत विद्यार्थ्याच्या कानाशी रेडिओ असतो आणि खाली उभा प्रशिक्षक वेळ आली की ओढायला सांगतो.

वारा आणि वळण

पंखाचा वेग हवेच्या संदर्भात मोजायचा, आपली हाडं मात्र जमिनीशी हिशेब करतात. ताशी ३५ किलोमीटर वेगाचा पंख आणि १५ किलोमीटरचा वारा धरू. वाऱ्याकडं तोंड करून उतरलात तर जमिनीवरचा वेग २०. वारा पाठीशी घेतलात तर ५०. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे फरक सहापटींहून जास्त. म्हणूनच उतरण्याचा रस्ता आधीच आखलेला असतो : साधारण हजार फुटांवर वाऱ्यासोबत, सहाशेच्या आसपास आडवं वळण आणि तीनशे फुटांपासून वाऱ्यासमोर सरळ.

आणि एवढं करून चुकलंच तर? दीडशे फुटांवर लक्षात आलं, की वारा पाठीशी आहे. समोर झाडही आहे. मन म्हणतं, एक टॉगल जोरात ओढ आणि वळ. या खेळातली सर्वांत घातक चूक हीच. वळणात पंख कलतो, उचल एका बाजूला झुकते, पंख सूर मारतो आणि माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. पंख पुन्हा डोक्यावर यायला जी उंची लागते, ती शिल्लक नसते. वारा पाठीशी असेल तर असू दे, फार तर लोळण लांब होईल. पंख मात्र डोक्यावर सरळ हवा. झाडाला हलकं वळण पुरतं.

लहान छत्रीचा मोह

साधनांनी गेल्या पन्नास वर्षांत कमाल केली. १९७० च्या दशकात बिल बूथ यांनी तीन कड्यांची युक्ती आणली : एकात एक ओवलेल्या, लहान होत जाणाऱ्या कड्या, शेवटची एका दोरीच्या फासानं धरलेली. बिघडलेल्या छत्रीचा प्रचंड ताण फासापर्यंत येईतो इतका कमी होतो, की हाताच्या एका ओढीनं ती सुटते आणि राखीव छत्रीला वाट मोकळी होते. १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचं ‘सायप्रेस’ आलं. हवेचा दाब मोजणारं हे यंत्र साडेसातशे फुटांच्या आसपास वेग अजूनही ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे असं दिसलं, की राखीव छत्रीचा फास आपणच कापतं. बेशुद्ध माणसाचाही जीव वाचतो. पण उघडलेल्या छत्रीखाली, शंभर फुटांवर चुकीचं वळण घेणाऱ्यासाठी ते काहीही करू शकत नाही.

बूथ यांनीच एक तिरकस नियम सांगून ठेवला आहे : साधनं जितकी सुरक्षित होतील, तितकी माणसं जास्त धोका पत्करतील, आणि मरणाचा दर तिथंच राहील. लहान छत्रीचा मोह हे त्याचं उदाहरण. सामानासकट ८७ किलोचा माणूस २३० चौरस फुटांच्या पंखाखालून १५० च्या पंखाखाली गेला, की वेग सुमारे चोवीस टक्के वाढतो आणि वेगासोबत येणारी ऊर्जा दीडपट होते. वळण तीक्ष्ण होतं, मजा वाढते, मैदानावर भावही वधारतो. चूक मात्र तीच असते. तिची किंमत दीडपट होते.

तरीही बूथ यांचा नियम पूर्ण खरा ठरला नाही, याचा मला आनंद आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात दरवर्षी सरासरी चाळीसहून जास्त उडीबाज दगावत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांत दहा. श्रेय एकट्या प्रशिक्षणाचं नाही. पण २०१२ पासून तिथं दुसऱ्या पायरीच्या परवान्यासाठी छत्री चालवण्याचा वेगळा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. यंत्र जिथं पोचत नाही, तिथं शिकवणी पोचते.

पातळ हवा

पंखाला हवेची घनताही लागते. पातळ हवेत तोच पंख जास्त वेगानं पळतो. मे महिन्यात, चाळीस अंशांच्या दुपारी पुण्यात उतरलात, तर समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या सकाळीपेक्षा वेग सुमारे आठ टक्के जास्त. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली आणि त्या कालापत्थरला, सतरा हजार फुटांहून अधिक उंचीवर उतरल्या. बातम्यांत उडीची उंची गाजली. पण गणित मांडलं तर तिथं उतरण्याचा वेग समुद्रसपाटीपेक्षा तीसेक टक्के जास्त भरतो. माझ्या मते खरं धाडस त्या उतरण्यात होतं.

आपल्यापैकी कोणी दुबईला किंवा थायलंडला जाऊन उडी मारेल, ती बहुधा ‘टँडम’ असेल. म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून घेऊन. तिथं छत्री, वारा, वळण हे सगळं तोच सांभाळतो. तुमच्याकडं एकच काम असतं. जमीन जवळ आली की तो ‘पाय वर’ म्हणेल. तुमचे पाय आधी टेकले तर दोघांचं वजन तुमच्या घोट्यांवर येईल. तेव्हा कॅमेऱ्याकडं नंतर हसा. आधी पाय वर घ्या आणि तो सांगेपर्यंत खाली सोडू नका.