संकेतस्थळ नवे, कुकी जुन्या!

“सर, पासवर्ड अगदी बरोबर आहे. तरी संकेतस्थळ मला आत घेते आणि लगेच पुन्हा दारात उभे करते!” परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एक विद्यार्थिनी ही तक्रार घेऊन माझ्याकडे आली. ते संकेतस्थळ त्याच आठवड्यात जुन्या तंत्रावरून नव्या तंत्रावर नेले होते. गंमत अशी, की तिने तोच पासवर्ड मैत्रिणीच्या नव्या कोऱ्या मोबाइलवर टाकला आणि अर्ज विनासायास भरला गेला.

प्रयोगशाळेत आपण काय करतो? बाकी सर्व गोष्टी तशाच ठेवून एकच बदलली आणि उत्तर बदलले, तर कारण त्या एका गोष्टीत शोधतो. येथे संकेतस्थळ तेच, पासवर्ड तोच. बदलला फक्त मोबाइल. म्हणजे जुन्या मोबाइलमध्ये असे काहीतरी साठून राहिले होते, जे नव्यात नव्हते. ते काहीतरी म्हणजे ‘कुकी’.

विसराळू सर्व्हर

आपला ब्राउझर आणि संकेतस्थळाचा सर्व्हर हे एचटीटीपी नावाच्या नियमांनुसार बोलतात. या नियमांत प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. मघाशी पासवर्ड देणारा आणि आता अर्ज मागणारा माणूस एकच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी एक तोडगा काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर ना आपले नाव असते ना चपलांचे वर्णन, असतो फक्त क्रमांक. पण तेवढ्यावर काम भागते. कुकी हा असाच बिल्ला आहे. सर्व्हर तो देतो, ब्राउझर जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर दाखवतो.

हे बिल्ले सर्व्हरकडे नसतात, तुमच्या-आमच्या यंत्रांत असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा. सगळी अडचण येथूनच सुरू होते. संकेतस्थळाचे मालक आपला सर्व्हर एका रात्रीत बदलू शकतात, पण हजारो लोकांच्या खिशांतील बिल्ले त्यांना गोळा करता येत नाहीत.

एका नावाचे दोन बिल्ले

कुकीला नाव आणि किंमत असते. त्याशिवाय ती कोणत्या संकेतस्थळासाठी, त्याच्या कोणत्या विभागासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हेही सर्व्हर ठरवून देतो. मात्र ब्राउझर ती परत दाखवतो तेव्हा फक्त नाव आणि किंमत पाठवतो. विभाग व मुदत तो स्वतःपाशीच ठेवतो.

आता त्या मुलीच्या मोबाइलमध्ये काय घडले ते पाहू. जुन्या संकेतस्थळाने ‘ओळख’ नावाची कुकी केवळ ‘परीक्षा’ विभागापुरती दिली होती. नव्याने त्याच नावाची कुकी संपूर्ण संकेतस्थळासाठी दिली. विभाग निराळे असल्यामुळे ब्राउझरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या कुकी ठरल्या. नवी जुनीच्या जागी बसली नाही. मुलगी ‘परीक्षा’ विभागात गेली की दोन्ही पाठवल्या जात. २०११ सालच्या आरएफसी ६२६५ या नियमपत्रानुसार अधिक लांब पत्त्याची, म्हणजे येथे जुनी कुकी, आधी ठेवायची असते. सर्व्हरवरील आज्ञावली पहिलीच ‘ओळख’ वाचून थांबत होती. तो क्रमांक नव्या नोंदवहीत नव्हता. मग “पुन्हा पासवर्ड द्या” हे ओघानेच आले!

पुसायची कशी?

कुकी पुसण्याची वेगळी आज्ञा या नियमांत नाही. मुदत उलटून गेलेली तारीख घालून तीच कुकी पुन्हा द्यायची, म्हणजे ब्राउझर ती टाकून देतो. पण ‘तीच’ म्हणजे नाव, संकेतस्थळ आणि विभाग ही तिन्ही जुळली पाहिजेत. विभाग चुकला तर जुनी कुकी जागच्या जागी राहते आणि कदाचित नवीच पुसली जाते! आणि विभाग कोणता होता, हे आलेल्या कुकीवरून सर्व्हरला कळत नाही. ते जुन्या आज्ञावलीतच शोधावे लागते. म्हणून जुनी आज्ञावली टाकून देण्यापूर्वी तिने दिलेल्या सर्व कुकींची तपशीलवार यादी करणे, हे स्थलांतराचे पहिले काम.

दुसरे काम, नव्या कुकीला नवे नाव देणे. म्हणजे घोटाळा होत नाही. तिसरे, काही काळ जुनी कुकीही ओळखणे. ती दाखवणाऱ्याचा क्रमांक जुन्या नोंदवहीत तपासावा, खरा ठरला तर नवी कुकी द्यावी आणि त्याच उत्तरात जुनी पुसावी. वापरणाऱ्याला काही कळतही नाही.

नाव बदलले, मग जुन्या कुकी पडून राहिल्या तर काय बिघडले, असे कोणी विचारील. त्या प्रत्येक मागणीबरोबर ओझ्यासारख्या जातच राहतात. एक कुकी ४०९६ बाइटांपर्यंत असू शकते. अशा दोन झाल्या की ८१९२ बाइट. अपाची हा प्रसिद्ध सर्व्हर, नेमणूक बदलली नसेल, तर मागणीतील अशी एक नोंद ८१९० बाइटांपर्यंतच स्वीकारतो. त्याहून मोठी आली की तो सगळी मागणीच नाकारतो!

ही दुहेरी व्यवस्था कायम ठेवावी लागत नाही. पूर्वी कुकीला वीस वर्षांचीही मुदत देता येई. २०२२ पासून क्रोम ब्राउझर नव्याने दिलेल्या कुकीची मुदत ४०० दिवसांवर जाऊ देत नाही.

करून पाहा

संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एखादे संकेतस्थळ उघडा आणि एफ-१२ कळ दाबा. क्रोममध्ये ‘ॲप्लिकेशन’, फायरफॉक्समध्ये ‘स्टोरेज’ या सदराखाली कुकींचा तक्ता दिसेल. एकाच नावाच्या दोन कुकी कोठे सापडतात का, त्यांचे विभाग कोणते, मुदत कधीपर्यंत, हे वहीत टिपा. मात्र किंमतीचा रकाना कोणालाही दाखवू नका. बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या!

त्या मुलीचा अर्ज मैत्रिणीच्या मोबाइलमुळे वेळेत गेला. ज्यांच्याजवळ दुसरा मोबाइल नव्हता, त्यांचे काय झाले असेल?