चारकोपच्या गच्चीवरचा प्रश्न : इंजिन केवढं हवं?

कांदिवली पश्चिमेला, चारकोपमधल्या एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि परदेशातून मागवलेलं सुमारे १८० किलोचं इंजिन जिन्यानेच वर चढवलं गेलं. हा त्यांचा तिसरा प्रयत्न होता. टीएसी-००३ नावाचं हे विमान क्रेनने खाली उतरवण्यात आलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते डोळे भरून पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत झेपावलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्या पोटात कारागिरीचा एक प्रश्न आहे. सहा माणसांचं विमान असो की बाल्सा लाकडाचं पाच फुटी मॉडेल, बांधणाऱ्याला तो सोडवावाच लागतो : याला इंजिन केवढं लावायचं? मॉडेल विमानांच्या छंदात, विशेषतः फोर-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत, सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त विमानं याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी वाया जातात. म्हणून हा परिचय त्या छोट्या यंत्राचा आणि त्याचं माप ठरवण्याच्या रीतीचा.

आधी आकडा वाचायला शिकावं. फ्लाइंग क्लबांच्या प्रशिक्षण विमानांत वर्षानुवर्षं चाललेल्या लायकॉमिंग ओ-३२० या इंजिनातला ३२० म्हणजे घनइंच, आपल्या हिशेबात सव्वापाच लिटर. मॉडेल इंजिनावरचे ४०, ५२, ७०, ९१ हे आकडेही घनइंचाचेच, फक्त शंभराव्या हिश्शातले. ४० म्हणजे साडेसहा सीसी, ५२ म्हणजे साडेआठ, ७० म्हणजे साडेअकरा, ९१ म्हणजे पंधरा आणि १२० म्हणजे जवळपास वीस सीसी. गच्चीवर नेलेल्या इंजिनाला आणि तळहातावर मावणाऱ्या इंजिनाला मोजपट्टी एकच आहे.

छंदाची सुरुवात बहुतेकांची टू-स्ट्रोकने होते आणि विमानांचे किट, नकाशे, खोक्यांवरच्या सूचना अजूनही टू-स्ट्रोकच्या भाषेत बोलतात. ‘४० साइज ट्रेनर’ म्हणजे ४० नंबरच्या टू-स्ट्रोकसाठी आखलेलं विमान. त्यावर ४० चंच फोर-स्ट्रोक लावलं तर ते धावपट्टीवर रेंगाळतं. कारण आपल्या रस्त्यांवरच दिसेल. यामाहाची आरएक्स १०० ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल ११ हॉर्सपॉवर देत असे. हिरो होंडाची सीडी १०० जवळजवळ तेवढ्याच सीसीत सात-साडेसातच्या घरात. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला स्फोट करतं, फोर-स्ट्रोक एक फेरा सोडून. म्हणून मॉडेलच्या दुनियेत जुना ठोकताळा आहे : टू-स्ट्रोकच्या आकड्याला दीडने गुणा. ४० च्या जागी साधारण ५२ ते ७०, ६० च्या जागी ९१, ९० च्या जागी १२० किंवा थोडं वर.

हा ठोकताळा बरोबर आहे, पण अर्धाच. त्याच्यावर थांबणारा माणूस हॉर्सपॉवर विकत घेतो. विमान मात्र हॉर्सपॉवरवर उडत नाही, प्रोपेलर मागे फेकतो त्या हवेवर उडतं. ४६ नंबरचं एक चांगलं टू-स्ट्रोक आणि ९१ नंबरचं फोर-स्ट्रोक शेजारी ठेवा. माहितीपत्रकात दोन्हींची ताकद जवळजवळ सारखी दिसते, दीड हॉर्सपॉवरच्या आसपास. पण टू-स्ट्रोकचा तो आकडा १६,००० आरपीएमच्या आसपास मोजलेला असतो आणि ११ बाय ६ चा, म्हणजे अकरा इंच व्यासाचा आणि सहा इंच पिचचा (एका फेऱ्यात कागदावर सहा इंच पुढे सरकणारा), प्रोपेलर लावला की इंजिन जमिनीवर बारा हजारांच्या घरातच राहतं. फोर-स्ट्रोक मात्र १४ बाय ६ चा प्रोपेलर साडेनऊ हजारांवर आरामात फिरवतं. अकराचे चौदा इंच झाले की प्रोपेलरच्या चकतीचं क्षेत्रफळ १.६ पट होतं. हिशेब मांडला तर उभ्या विमानाला मिळणारी ओढ सुमारे दीडपट निघते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. ६ इंच पिचचा प्रोपेलर १२,००० आरपीएमवर कागदावर ताशी ११० किलोमीटर पुढे सरकतो, साडेनऊ हजारांवर ८७.

फोर-स्ट्रोक कोणत्या विमानाला शोभतं, ते यातूनच कळतं. जाड पंखाचं ट्रेनर, दोन पंखी बायप्लेन, पायपर कबसारखं स्केल मॉडेल, रुंद नाकाचं युद्धविमान : ज्यांना हवा कापायला जोर लागतो आणि सुसाट वेग नको असतो, ती यंत्रं मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या प्रोपेलरवर खुलतात. बारीक पंखाच्या, शर्यतीच्या विमानाला हे इंजिन देऊ नये. आवाजाचंही तसंच. १२,००० आरपीएमवरचं टू-स्ट्रोक सेकंदाला २०० स्फोट करतं, साडेनऊ हजारांवरचं फोर-स्ट्रोक ८० सुद्धा नाही. म्हणून पहिल्याची किंकाळी मैलभर जाते आणि दुसऱ्याचा भरदार आवाज खऱ्या विमानाची आठवण देतो.

या यंत्राचं वय फार नाही. १९३६ पासून इंजिनं बनवणाऱ्या जपानच्या ओएस कंपनीने १९७६ मध्ये एफएस-६० बाजारात आणलं आणि मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या फोर-स्ट्रोक मॉडेल इंजिनांचा काळ तिथून सुरू झाला. पुढे सायतो आणि एन्या याही जपानी कंपन्यांनी आपली घराणी उभी केली. यात स्पार्क नसतो. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेत आपोआप लाल राहते आणि इंधन पेटवते. फोर-स्ट्रोकमध्ये दोन स्फोटांमध्ये एक अख्खा फेरा मोकळा जात असल्यामुळे तार गार पडू नये म्हणून त्याला वेगळा प्लग लागतो. टू-स्ट्रोकचा प्लग लावून ‘इंजिन मंद आरपीएमवर बंद पडतं’ अशी तक्रार करणारे अनेक जण भेटतात.

आता माप ठरवण्याची रीत. पहिली पायरी तराजूची. विमान रेडिओ, सर्व्हो, चाकं, रिकामी टाकी यांसकट तोलावं. सव्वा-दीड मीटर पंखाचं अडीच किलोपर्यंतचं ट्रेनर असेल तर ५२ ते ७०. १.८ मीटर पंखाचं साडेतीन किलोच्या आसपासचं असेल तर ९१. पाच-सहा किलोच्या बायप्लेन किंवा युद्धविमानाला १२० आणि पुढे. दुसरी पायरी फूटपट्टीची. विमान उड्डाणाच्या स्थितीत उभं करून नाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजावं. १४ इंची प्रोपेलरला सात इंच तर हवेतच, वर गवतासाठी किमान एक-दीड इंच. एवढी उंची चाकांत नसेल तर ९१ विकत घेऊन त्याला छोटा प्रोपेलर लावण्यात काहीच अर्थ नाही. फोर-स्ट्रोकचा सगळा फायदाच तिथे संपतो. तिसरी पायरी तोलाची. ९१ चं इंजिन साधारण साडेसहाशे ग्रॅम भरतं. आखूड नाकाच्या युद्धविमानाला हे वजन वरदान आहे, नाहीतर तिथे शिसंच भरावं लागतं. लांब नाकाच्या ट्रेनरला तेच वजन शेपटीत शिसं भरायला लावतं आणि विमान उगाच जड होतं.

म्हणजे क्रम असा : आधी विमान, मग प्रोपेलर, शेवटी इंजिन. दुकानात मात्र आपण नेमके उलट्या टोकाने शिरतो.

मोठं घेतलं तर काय बिघडतं? थ्रॉटल कमी ठेवू, असं म्हणता येतं आणि थोड्या फरकापुरतं ते खरंही आहे. पण किटवर दिलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलं की फायरवॉल, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं ती प्लायवूडची भिंत, थरथरून सैल होते, उतरण्याचा वेग वाढतो आणि जड विमान कमी वेगात एका पंखावर कलंडतं. लहान इंजिनाने विमान नीट चढत नाही. अति मोठ्या इंजिनाने ते नीट उतरत नाही.

इंजिन घरी आलं की सेवा सुरू होते, आणि फोर-स्ट्रोकची खरी ओळख इथेच होते. इंजिन पूर्ण गार असताना हेडवरचं छोटं झाकण ॲलन कीने उघडायचं. प्रोपेलर हाताने हळूहळू फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, रॉकर मोकळे. मग रॉकर आणि व्हॉल्व्हच्या देठामध्ये फीलर गेजची पाती सरकवायची. ०.०४ मिलिमीटरची पाती जायला हवी, ०.१० ची अडायला हवी. मोटरसायकलच्या मेकॅनिककडे टॅपेट सेट करणं ज्याने पाहिलंय, त्याला हे काम ओळखीचं वाटेल. इथे फक्त सगळं नखाएवढं आहे. नव्या इंजिनाचे पहिले एक-दोन तास चालून झाले की हे एकदा करावंच.

सुईची, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या नीडलची, गोष्टही तितकीच मोलाची. नीडल आवळत आरपीएम शिखरावर न्यायचं आणि मग दोन-तीनशे फेरे खाली उतरेपर्यंत पुन्हा उघडायचं. मिश्रण कोरडं राहिलं तर फोर-स्ट्रोक अवेळी स्फोट करून उलटा झटका देतं आणि त्या झटक्याने प्रोपेलरचं नट सैल होऊन अख्खा प्रोपेलर सुटू शकतो. म्हणून दुहेरी नट लावल्याशिवाय हे इंजिन सुरू करू नये, आणि सुई फिरवताना नेहमी प्रोपेलरच्या मागे उभं राहावं.

कांदिवलीसारख्या खाडीकाठच्या उपनगरात दोन गोष्टी जास्तच सांभाळायच्या. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बाटलीचं बूच सैल राहिलं की इंधन खराब, आणि तेच पाणी बेअरिंगला गंज आणतं. उड्डाण संपलं की टाकी रिकामी करून, उरलेलं इंधन जाळून इंजिनात तेलाचे थेंब सोडावेत. दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. चारकोपच्या शेजारच्या मालवणीत जून २०१५ मध्ये मिथेनॉलची विषारी दारू पिऊन शंभरहून अधिक माणसं गेली. आपल्या छंदाचं इंधन ते हेच रसायन. ते कधीही थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. नाव लिहिलेल्या डब्यात, कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाही असंच ठेवावं.

आणि उडवायचं कुठे? चारकोपच्या गच्चीवर बांधलेल्या विमानालाही हवेत जायला धुळे गाठावं लागलं. मॉडेलवाल्यांनीही तेच मान्य करावं. जवळ दोन विमानतळ, दाट वस्ती, बाजूला राष्ट्रीय उद्यान. मुंबई पोलीसही रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहून, शहराबाहेर, जागामालकाच्या परवानगीने आणि अनुभवी माणसाच्या सोबतीनेच विमान उडवावं. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवलं जातं. कॉलेजातल्या मुलामुलींसाठी ती सर्वांत चांगली वाट आहे.

पहिलं फोर-स्ट्रोक घेणाऱ्याने अडीच किलोच्या आतलं ट्रेनर निवडावं आणि त्यावर ५२ ते ७० च्या पलीकडे जाऊ नये. दोन आकारांत मन अडलं तर विमान पुन्हा तोलावं, चाकांची उंची पुन्हा मोजावी आणि जो प्रोपेलर तिथे मोकळा फिरेल, त्याला फिरवणारं इंजिन घ्यावं.