कंपनी बुडाली, सायकल धावतेय

ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल 2006 आणि 2007 मध्ये डाउनहिलचा, म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीचा, विश्वविजेता झाला तो ‘आयर्न हॉर्स संडे’ या सायकलवर. 2009 मध्ये आयर्न हॉर्स कंपनी दिवाळखोरीत गेली. संडे मात्र हौशी मंडळींकडे अजून दगडधोंड्यांतून उतरते.

तिची खरी करामत सस्पेन्शनचे रचनाकार डेव्ह वीगल यांच्या रचनेत आहे. पेडल मारलं की वेग वाढतो, वजन मागे झुकतं, हादरे शोषणारा मागचा शॉक दबू पाहतो आणि पायाची ताकद तिथेच मुरते. संडेचं मागचं चाक दोन आखूड दांड्यांवर असं जोडलंय, की साखळीचा ताणच हे दबणं रोखतो. खड्ड्यात मात्र तेच चाक सुमारे 20 सेंटिमीटर वर उचललं जातं. मला ही कल्पना आजही विलक्षण सुंदर वाटते.

अशी जुनी सायकल घेताना रंग नंतर पाहावा, आधी सांधे. सांध्यांतली बेअरिंग बदलता येतात; फ्रेम नवी मिळत नाही. शिवाय ती ॲल्युमिनियमची. पोलाद ठरावीक मर्यादेखालचे हादरे जवळजवळ कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही, थकवा साठत जातो. म्हणून सायकल धुतल्यावर वेल्डिंगच्या कडा विजेरीच्या उजेडात तपासाव्यात. केसाएवढी चीर दिसली, तरी त्या फ्रेमवर पुन्हा उतार घेऊ नये.