वालचंदांचे विमान

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा रोड नावाचे स्टेशन लागते. साताऱ्याला जायचे म्हणून इथे उतरणारा नवखा माणूस हमखास फसतो. सातारा शहर बरेच लांब राहते. पण या आडबाजूच्या स्टेशनाजवळ धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला आणि तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पुढे हा कारखाना वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहात गेला.

वालचंदांचे नाव सांगलीकरांना वेगळ्याच कारणाने परिचयाचे. विश्रामबागेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयावर तेच आहे. वालचंदांची साखर, जहाजे, मोटारी लोकांच्या लक्षात राहिल्या. विमान मात्र विस्मरणात गेले.

१९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या विमान-उद्योजकाशी पडली. भारतात विमाने का होऊ नयेत, हा विचार तिथून पक्का झाला. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' उभी राहिली. नांगराचा फाळ जरा जाडाभरडा निघाला तरी शेतकरी चालवून घेतो; विमानात एक नटबोल्ट सैल राहून चालत नाही. अशी शिस्त जिथे नव्हती तिथे ती घडवायची होती.

पण युद्ध दाराशी आले. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले. सरकारचे म्हणणे साफ चूक होते असे नाही, पण ज्याने स्वप्न पाहिले त्याच्या हातात पैसे ठेवून त्याला दाराबाहेर काढले, हेही खरेच.

ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता तुटल्यावर पेट्रोल, दारूगोळा, औषधे सगळे आसामातून डोंगरांवरून उडवत न्यावे लागले. अमेरिकन वैमानिक त्या डोंगररांगेला 'हम्प' म्हणत, म्हणजे आपल्याकडे बैलाचे वशिंड. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल असा गेला. त्यात डकोटा विमानांचा मोठा वाटा. दोन इंजिने, प्रत्येकी चौदा सिलिंडर. घाटात मोटार बंद पडली तर खाली उतरून बॉनेट उघडता येते. इथे ती सोय नाही. म्हणून ठराविक तास उडाले की इंजिन उतरवून, सारे भाग सुटे करून, झिजलेले बदलून पुन्हा जोडायचे. १९४३ मध्ये बंगळूरचा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि हे काम तिथल्या कामगारांच्या हातून होऊ लागले. विमाने बांधायला काढलेला कारखाना दुरुस्तीचा झाला खरा, पण त्या दुरुस्तीतच कामगारांचे हात तयार झाले.

युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या डकोटा याच कारखान्यात नीट करून घेतल्या गेल्या. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डकोटांमधूनच. पुढच्या मे महिन्यात मेहरसिंगांनी लेहच्या वाळूवर, अकरा हजार फुटांवर, डकोटा उतरवली. वेढ्यात सापडण्याची वेळ आलेल्या त्या गावाला मग विमानांनीच माणसे आणि शिधा पोचवला.

ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरच्या कारखान्याचे, भारतीयांनी आखलेले 'एचटी-२' हे शिकाऊ विमान आकाशात गेले. वालचंद तेव्हा हयात होते. ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले. सांगलीचे महाविद्यालय १९४७ पासून 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' म्हणून चालत होते. त्याला त्यांचे नाव मिळाले ते १९५५ साली.