हिरडा, अनुदान आणि आपण

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात. पुढील प्रक्रियेचा नफा बाहेर जातो, आणि गावचा शिकलेला तरुण चाकणची वाट धरतो.

२००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिला व अनुसूचित जमातीच्या उद्योजकांसाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान व स्वतःचा वाटा केवळ ५ टक्के, अशी तरतूद करण्यात आली. मात्र अनुदान तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने राहते; तोवर उद्योग तगला पाहिजे. त्यासाठी खात्रीचा ग्राहक हवा.

औषधनिर्मितीस परवाना लागतो. म्हणून प्रारंभ स्वच्छ, प्रतवारी केलेल्या हिरड्यापासून व्हावा. आपल्या फार्मसींनी वार्षिक खरेदीचे लेखी आश्वासन दिल्यास बँकेपुढील प्रकल्प-अहवालास बळ येईल आणि आपणांसही परिचित मुलखातील अस्सल द्रव्य लाभेल, असे आम्हांस वाटते.