विश्लेषण : होडीच्या मशीनला कोणता पंखा लावायचा?

एकाच कंपनीचे, एकाच ताकदीचे मशीन, पण एक होडी जाळ्यांसह सहज निघते आणि दुसरी जोर लावूनही रेंगाळते. दोष बहुतेकदा मशीनला दिला जातो. खरे कारण कित्येकदा त्याच्या शेपटाशी असते.

मासेमारीबंदीचा काळ सर्वसाधारणपणे 1 जून ते 31 जुलै. या दोन महिन्यांत मिरकरवाडा, राजिवडा, साखरतर, जयगड, पूर्णगड येथील लहान फायबर होड्यांची आऊटबोर्ड मशीन उतरवून दुरुस्तीला घेतली जातात. कार्ब्युरेटर साफ होतो, प्लग बदलतात, गिअरचे तेल नवे भरले जाते. पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे, लक्ष जाते ते सर्वांत शेवटी. वाकलेले पाते ठोकून सरळ केले, कडेला कानस मारली की काम झाले असे मानले जाते. फारच झिजला असेल तर दुकानात मिळेल तो पंखा चढवला जातो. हंगामभर पेट्रोलचा खर्च किती होणार, हे मात्र याच वस्तूवर बरेचसे ठरते.

पंख्यावरचे आकडे काय सांगतात?

पंख्याच्या हबवर किंवा पात्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. व्यास म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल ते अंतर. लाकडात स्क्रू पिळताना तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीकच आत जातो, तसेच हे.

पाणी मात्र लाकूड नव्हे. ते मागे सरकते, त्यामुळे प्रत्यक्षात होडी तेवढी पुढे जात नाही. या तुटीला स्लिप म्हणतात. हिशेब सोपा आहे. मशीन मिनिटाला 5000 फेरे फिरते, गिअरमुळे पंख्याला त्याच्या निम्मे म्हणजे 2500 फेरे मिळतात आणि पिच 10 इंच आहे असे धरा. कागदावर वेग येतो ताशी सुमारे 38 किलोमीटर. 30 टक्के स्लिप धरली तर हाती उरतात साधारण 27. हलक्या, पाण्यावर तरंगत पळणाऱ्या बोटीत स्लिप 10 ते 20 टक्के असू शकते. जाळी, बर्फ आणि माणसांनी लादलेल्या होडीत ती याहून कितीतरी जास्त असते.

जास्त पिच म्हणजे जास्त वेग, मग तोच का घेऊ नये?

बहुतेकांची चूक इथेच होते. 9.9 ते 15 अश्वशक्तीच्या मशीनला साधारण 9 इंच व्यासाचा पंखा बसतो आणि त्यातच पिच 7-8 पासून 11-12 इंचांपर्यंत मिळतो. मोठा पिच म्हणजे मोटारसायकल वरच्या गिअरमध्ये टाकण्यासारखे आहे. सपाट रस्त्यावर ती सुसाट जाते, पण दोन पोती मागे बांधून घाट चढायचा तर धापा टाकते. हर्णे-मुरूड परिसरात डॉल्फिन दाखवायला चार-सहा पर्यटक घेऊन जाणारी होडी आणि रात्रभर जाळी टाकून भरून येणारी होडी यांना एकच पंखा चालत नाही, तो यामुळेच. दुसऱ्या होडीला कमी पिच लागतो.

हा प्रश्न केवळ पेट्रोलचा नाही. भाट्ये खाडीच्या मुखाशी वाळू आणि गाळ साचतो. वारा पडलेला असला तरी उथळ पाण्यावर लाटा फुटतात. तिथून आत शिरताना तांडेल लाटेची पाठ पाहून थ्रॉटल देतो आणि पुढची लाट उठण्याआधी पार होतो. त्या क्षणी वरचा वेग कामाचा नसतो, लागतो तो तत्काळ मिळणारा जोर. पिच जास्त असलेल्या पंख्यावर भरलेली होडी मूठ पूर्ण पिळूनही उचल घ्यायला वेळ लावते आणि मागून येणारी लाट तेवढा वेळ देत नाही.

योग्य पंखा ओळखायचा कसा?

अंदाजाने नव्हे, आरपीएमवरून. प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर किती फेरे पडायला हवेत याची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ 5000 ते 6000. होडीत नेहमीचा भार ठेवायचा, शांत पाण्यात मूठ पूर्ण पिळायची आणि आकडा पाहायचा. हाताने सुकाणू धरायच्या लहान मशीनवर हा आकडा दाखवणारे मीटर बहुधा नसते. प्लगच्या वायरीला गुंडाळायचे छोटे मीटर स्वस्तात मिळते. वेग मोबाइलच्या जीपीएसवर दिसतो.

फेरे खालच्या मर्यादेपेक्षा कमी पडले, तर पिच जास्त आहे. मशीन दबून चालते, कार्बन धरते, गरम होते आणि लवकर झिजते. फेरे वरच्या मर्यादेबाहेर गेले, तर पिच कमी आहे. एक इंच पिच बदलला की साधारण 150 ते 200 फेऱ्यांचा फरक पडतो. त्यामुळे किती बदल करायचा तेही कळते. रिकाम्या होडीत घेतलेली चाचणी मात्र निरुपयोगी. दुकानदाराला खूश करायला ती ठीक आहे.

चाचणीआधी होडीचा तळ खरवडून घेणे आवश्यक. शंख-शिंपल्यांचा थर चढलेला असेल तर चांगला पंखाही वाईट ठरतो. मशीनची उंचीही पाहावी. पंख्यावरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या पातळीत हवी. मशीन फार वर बसले की लाटेत पंखा हवा खेचतो, आवाज एकदम चढतो आणि जोर जातो. अशा वेळी पंखा बदलून उपयोग नाही.

अॅल्युमिनियम की स्टील? तीन पाती की चार?

स्टीलचे पाते पातळ असते आणि जोरात वाकत नाही, त्यामुळे कामगिरी चांगली. किंमत मात्र कित्येक पट. शिवाय खडकावर आदळले तर पाते टिकते आणि धक्का शाफ्ट व गिअरपर्यंत जाऊ शकतो. हबमधले रबर किंवा लहान मशीनमधली पिन तो अडवायला असते, पण ती प्रत्येक वेळी वाचवेलच असे नाही. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर आणि उथळ खाड्यांत लहान होडीला अॅल्युमिनियमच बरे. ते वाकते, पण स्वस्तात बदलता येते. चार पात्यांचा पंखा कमी वेगात पाणी चांगले धरतो, हादरे कमी देतो, वरचा वेग थोडा घटतो. जड होडीसाठी हा सौदा वाईट नाही.

पंख्याचा आकार नेमका किती हवा, हे पहिल्यापासून ठोकताळ्यानेच कळत आले आहे. इंग्लंडच्या फ्रान्सिस पेटिट स्मिथने लांबलचक लाकडी स्क्रू लावलेली बोट कालव्यात चालवली. 1837 मध्ये त्या स्क्रूचा निम्मा भाग तुटला आणि बोट आधीपेक्षा जोरात धावू लागली.

विकत घेताना आणि नंतर काय पाहावे?

शाफ्टच्या खाचा मशीनच्या मॉडेलशी जुळल्या पाहिजेत, म्हणून जुना पंखा सोबत न्यावा. बसवल्यावर काही फेऱ्यांनंतर तो काढून शाफ्ट तपासावा. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळून तेलाचे सील कापतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गिअरचे तेल दुधाळ झाले असेल तर पाणी आत शिरले आहे आणि सील लगेच बदलायला हवे. होडीत जुना पण चालणारा पंखा, एक नट, दोन-तीन पिना आणि पाना ठेवावा.