टँकरच्या पाठीवरची पाटी



उसाचा हंगाम सुरू झाला, की एखाद्या संध्याकाळी नगर–मनमाड रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण या रस्त्याला आपण अजून जुन्याच नावाने ओळखतो. कारखान्याकडे निघालेल्या टायरगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, शिर्डीच्या भाविकांच्या मोटारी, शाळेतून परतणारी मुले, आणि या सगळ्यांतून वाट काढीत चाललेले लांबलचक टँकर. अशा टँकरच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना चौकटी आखलेली एक पाटी असते. तिच्यावर एक चार आकडी संख्या, एक चौकोनी चित्र आणि फोनचे नंबर असतात. आपण ती रोज पाहतो, पण वाचीत नाही. आपल्याला वाटते, ती पोलिसांसाठी असेल.

आज मला एवढेच सांगायचे आहे, की ती पाटी तुमच्यासाठी आहे. अपघात झाला, तर बंब येईल, पोलीस येतील, जाणकार येतील. पण ते सगळे मागाहून. सर्वांत आधी तिथे कोण पोचणार? शेजारच्या शेतात पाणी धरणारा गडी, टपरीवरचा चहावाला, वस्तीवरची माणसे. म्हणजे तुम्ही आम्हीच. त्या पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे आणि काय करायचे नाही, हे ज्याला ठाऊक, त्याचा जीव वाचतो आणि दुसऱ्यांचाही.

आता आपल्या रस्त्यांवरून जाते तरी काय, ते पाहू. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. तिथून पेट्रोल, डिझेल आणि गॅस घेऊन टँकर निघतात. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि त्यामागोमाग जिल्हाभर कारखाने उभे राहिले. आज त्यांतल्या अनेक कारखान्यांच्या आवारात आसवन्या आहेत. तिथे मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल होते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, म्हणून त्याचे टँकर वाढले. साखर स्वच्छ करायला गंधक लागते, ते ट्रकने येते. दूध थंड करणाऱ्या आणि बर्फ करणाऱ्या कारखान्यांना अमोनिया लागतो. पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो. हे सारे आपल्या उपयोगाचे आहे. ते रस्त्यावरून जाऊच नये, असे म्हणून चालणार नाही. मग ते सुखरूप कसे जाईल, हे पाहिले पाहिजे.

प्रत्येक मालाचा स्वभाव निराळा असतो. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी उताराने चालते, चारीत उतरते, ओढ्यात साचते. टँकर रस्त्यावर पडलेला असतो आणि दूर खोलगट जागी कुणीतरी विडी पेटवतो. तिथून ज्वाळा धावत टँकरपर्यंत येते. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. तो टाकीत दाबाखाली पातळ करून भरलेला असतो. एक लिटर पातळ गॅस बाहेर पडला, की त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो, आणि तोही जमिनीला धरून पसरतो.

इथेनॉलचा धोका फसवा. त्याची ज्वाळा फिकट निळी असते. भर उन्हात ती दिसतही नाही. आग नाही असे समजून माणूस पुढे जातो आणि भाजून निघतो. त्यात निम्मे पाणी मिसळले तरी ते पेटते. अमोनियाचा वास उग्र. तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना जाळतो. पण पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून त्यावर पाणी हे मोठे औषध. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड. तो सखल जागी दडून बसतो.

आता एक घडलेली हकिकत सांगतो. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर रस्त्यावर उलटला. बातमी गावोगाव पोचली. माणसे कळश्या, बाटल्या, डबे घेऊन धावली. फुकटचे पेट्रोल मिळते आहे, कोण सोडणार? गर्दी जमली आणि एवढ्यात भडका उडाला. दोनशेहून अधिक माणसे गेली. ती माणसे वाईट नव्हती, गरीब होती. डबाभर पेट्रोलाची किंमत ती किती, आणि मोजली किती!

आपल्या देशातले उदाहरण हवे, तर २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री केरळात कण्णूरजवळ चाला येथे गॅसचा टँकर दुभाजकावर आदळून उलटला. गॅस आसपासच्या घरांपर्यंत पसरला, पेटला आणि वीस माणसे दगावली. आणि अगदी जवळचे, म्हणजे १३ जून २०२३ चे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर एक टँकर उलटून पेटला. जळते तेल पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले. चार जण मृत्युमुखी पडले. त्यांत खालच्या रस्त्याने जाणारेही होते. त्यांनी टँकर पाहिलासुद्धा नसेल.

आता पाटीकडे वळू. चार आकडी संख्या इंग्रजी आकड्यांत असते आणि ती जगभर एकच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने हे नंबर ठरविले. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, स्वयंपाकाचा गॅस १०७५, इथेनॉल ११७०, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, गंधकाम्ल १८३०. आपल्या भागात हे सात लक्षात ठेवले तरी पुष्कळ. नंबर आठवला नाही, तरी फोनवर तो नुसता वाचून दाखवा. पलीकडच्या माणसाला त्यावरून सारे समजते.

दुसरे, कोनावर उभे केलेले चौकोनी चित्र. लाल रंगावर ज्वाळा म्हणजे पेट घेणारे. पांढऱ्यावर कवटी आणि हाडे म्हणजे विष. वर पांढरे, खाली काळे, आणि हातावर थेंब पडून हात झिजतो आहे असे चित्र म्हणजे आम्ल किंवा तसेच अंग जाळणारे काही. पिवळ्यावर ज्वाळा म्हणजे दुसऱ्याची आग भडकविणारे. नारिंगी म्हणजे स्फोटक. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ही चित्रे कळतील, आणि त्याचसाठी ती चित्रे आहेत.

तिसरे, अग्निशामक दलासाठी एक लहान खूण असते: एक आकडा आणि एक-दोन इंग्रजी अक्षरे. आकडा सांगतो आग कशाने विझवायची: एक आणि दोन म्हणजे पाण्याचा फवारा, तीन म्हणजे फेस, चार म्हणजे कोरडी पूड. त्या खुणेच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर दिसले, तर वस्ती हलविण्याचा विचार करा, असा त्याचा अर्थ. चौथे म्हणजे फोनचे नंबर, मदत करणाऱ्यांचे आणि माल पाठविणाऱ्याचेही.

समजा, टँकर उलटलाच. काय कराल?

पहिली गोष्ट, वारा पाहा. हे शेतकऱ्याला शिकवायला नको. खळ्यावर उफणणी करताना भूस ज्या बाजूला उडते, त्या बाजूला आपण उभे राहत नाही. इथेही तेच. चिमूटभर माती वर टाका, धूर पाहा, झाडाचे पान पाहा. वारा जिकडून येतो तिकडे जा. मध्ये वायूचा लोट असेल, तर त्यातून पळू नका. वाऱ्याला आडवे निघा. ओढ्यात, चारीत, तळघरात लपू नका, उंचावर जा.

दुसरी गोष्ट, दूर व्हा. पेट्रोल किंवा इथेनॉलचा टँकर पेटला असेल, तर निदान ८०० मीटर. गॅसच्या टँकरला आग लागली असेल, तर १६०० मीटर, म्हणजे जवळजवळ एक मैल. टाकी तापून फुटली, तर तिचे तुकडे फार लांब जातात. चूल, विडी, मोटारसायकलची किक, शेतातली मोटर, सगळे बंद. बघ्यांची गर्दी होऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट, लांब गेल्यावर फोन करा. ११२ हा सर्व मदतीचा नंबर, १०१ अग्निशामक दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा, गॅसगळतीसाठी १९०६. चार गोष्टी सांगा: जागा कोणती, पाटीवरचा नंबर काय, आग आहे की नुसती गळती, माणसे किती अडकली. पाटी लांबून वाचता आली तरच वाचा. तिच्यासाठी जवळ जाऊ नका. तशी विषाची परीक्षा नको.

चालक बाहेर आला असेल, तर त्याला आपल्या बाजूला बोलवा. कोणता माल आहे हे त्याला ठाऊक असते आणि लेखी माहितीचे कार्डही त्याच्याजवळ असावे लागते. कुणाच्या अंगावर आम्ल किंवा अमोनिया उडाला असेल, तर कपडे उतरवून निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा, विशेषतः डोळे. मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आले. अपघातात सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळे आम्हीच शिकायचे, मग गाडीवाल्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत. त्यांतले १२९ ते १३७ हे याच मालासंबंधीचे. माल पाठविणाऱ्याने पूर्ण माहिती द्यावी, मालकाने वाहन योग्य ठेवावे, चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, त्याने तीन दिवसांचे शिक्षण घेतलेले असावे, आणि अपघात झाल्यास लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. नियम चांगले आहेत. ते ढाब्यावर विसरले जातात. टँकर आडोशाला उभा करून त्यातून तेल काढणे हा चोरीचा प्रकार तर आहेच, पण तो आगीचाही खेळ आहे. त्या धंद्याची जात किती क्रूर असते, हे आपण पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी पानेवाडीजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. असे तेल स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये.

आपल्या बाजूचीही काही कामे आहेत. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे टँकरला तंतोतंत लागू. अर्धा भरलेला टँकर वळणावर कलला, की आतला माल एका बाजूला धावतो आणि गाडीला सोबत ओढतो. म्हणून चंदनापुरीच्या किंवा करंजीच्या घाटात टँकरपुढे एकदम गाडी घालू नका. त्याला चटकन थांबता येत नाही. उसाच्या ट्रॉलीला आणि टायरगाडीला मागे लाल चकाकणाऱ्या पट्ट्या लावा. रात्री अंधारात उभी असलेली ट्रॉली टँकरवाल्याला अगदी जवळ आल्यावर दिसते, आणि मग दोघांचाही इलाज चालत नाही.

धोक्याचा माल फक्त टँकरमधूनच जातो असे नाही. आपल्या गाडीतूनही जातो. १९५८ साली केरळात शंभरावर माणसे विषबाधेने गेली. फवारणीचे औषध आणि खाण्याचा माल एकाच जहाजातून आला होता. औषध गळून पिठात आणि साखरेत उतरले होते. कीटकनाशकांचा १९६८ चा कायदा झाला, त्यामागे हीच घटना होती. म्हणून औषधाचा डबा आणि पिठाची गोणी एका पिशवीत, एका ट्रॉलीत नको. विहिरीच्या सुरुंगासाठी जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर एकत्र बांधून नेऊ नका. ते काम परवानेवाल्यावर सोपवा. डिझेलचा कॅन काठोकाठ भरू नका. उन्हात तेल फुगते.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटची विनंती. शाळा रस्त्याकडेला असेल, तर एका शनिवारी मुलांना आवारातच उभे करून, कुंपणाच्या आतून, जाणाऱ्या टँकरच्या पाट्या वाचायला लावा. कोण किती नंबर ओळखतो, त्याची स्पर्धा घ्या. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहा: पाटीवर काय आहे? वारा कुठून आहे? फोन कुणाला करायचा? मुले ते घरी सांगतील, आणि घरची माणसे मुलांचे ऐकतात. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा ती आधी खणलेली बरी. उद्या रस्त्यावर काही घडले आणि कळशी घेऊन निघालेल्या बापाला त्याच्या मुलीने हात धरून मागे ओढले, तर त्या शनिवारचे चीज झाले, असे मी समजेन.